परसातला पुकुर आणि जांभळे संकट

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवरून कॅनिंगकडे जाणारी लोकल पकडावी. सोनारपूर मागे पडले की खिडकीबाहेर नारळ, केळी आणि घराघरामागे तळी दिसू लागतात. बंगालीत यांना पुकुर म्हणतात. आपल्याकडे परसात विहीर, तसा इथे पुकुर. भांडी, धुणी, अंघोळ सारे त्याच्या घाटावर आणि पाण्यात रोहू, कटला, मृगळ. पाहुणा आला की जाळे टाकायचे, दुपारी ताटात मासा!

मधूनच एखादे तळे मात्र चक्क हिरवे कुरण वाटते. त्यावर फिकट जांभळे तुरे डोलत असतात. नवखा प्रवासी लगेच कॅमेरा काढतो, पण घरच्या माणसांना ते तुरे पाहून धडकी भरते. ही कचुरीपाना, म्हणजे आपली जलपर्णी. कोल्हापूरचा रंकाळा किंवा पुण्याची मुळा-मुठा पाहिलेल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती फुलांच्या शोभेपायी जगभर नेली गेली आणि बंगालमध्ये तिने असा उच्छाद मांडला, की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. झाडाविरुद्ध कायदा! जलपर्णी अर्थातच बधली नाही.

तळे झाकले गेले की उजेड आत शिरत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो. तो सर्वांत कमी असतो पहाटे. मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर समजावे की घरचा मासा हातचा जाण्याच्या बेतात आहे.

अशा वेळी तणनाशक फवारण्याचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा. एकदम मेलेले तण पाण्यातच कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. शिवाय त्याच पाण्यात घरातली मुले डुंबत असतात. 1959 मध्ये भारतात आणलेला ग्रास कार्प, म्हणजे गवत्या मासा, पाण्याखालचे कोवळे तण आणि टिकलीएवढ्या पानांची खुदीपाना आवडीने खातो. जलपर्णीसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये.

खरा उपाय हातांचाच. चैत्र-वैशाखात पाणी उतरले की बांबूने तण काठाशी ओढायचे आणि मुळांसकट उपटायचे. तेही फुले येण्यापूर्वी, कारण बी तळाच्या चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. उपटलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्याच पावसात पुन्हा पाण्यात! तो दूर खड्ड्यात शेणाबरोबर कुजवला की भाजीच्या वाफ्याला खत मिळते. पावसाळ्यात पाणी आत येते त्या तोंडाशी बांबूची जाळी बसवायची आणि दर आठवड्याला चुकार रोपे वेचायची.

एका घरचा पुकुर असा राखता येतो. अडचण असते ती भावाभावांत वाटणी झालेल्या, ‘शरिकी’ पुकुराची. मासे धरताना सगळे वाटेकरी हजर, तण काढताना प्रत्येकाला दुसऱ्याची पाळी आठवते. लोकलमधून दिसणारे ते हिरवे कुरण पुष्कळदा अशाच घरामागे असते.