कौलं की स्लॅब?

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. गावाकडे लहानसं घर बांधायचं म्हणत होती. "तुम्ही नुकतंच बांधलंत ना? काय काय वापरलंत? आमचं सगळं ठरलंय बघ. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. सिमेंट म्हणून अजिबात वापरायचं नाही."

मला हसूच आलं. तिचं नव्हे, माझंच. चार माणसांत मीसुद्धा अगदी हेच बोलत असे. फोनवर तिला सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते इतका जवळ. घर आजोबांनी बांधलेलं. पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. लग्नानंतर पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला लागल्यापासून त्या घराचं मला फारच कौतुक वाटायला लागलं. त्यातच लॉरी बेकर यांच्याविषयी वाचनात आलं. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, असं गांधीजींनी आपल्याला सांगितल्याचं बेकर सांगत. झालं! मी जिथे तिथे पाच मैल, पाच मैल करू लागले.

मग २०२० सालच्या जूनची ३ तारीख आली. निसर्ग वादळ.

सकाळी आईशी बोलणं झालं होतं. "वारा सुटलाय, बाकी काही नाही," म्हणाली. दुपारनंतर फोन लागेना. तिसऱ्या दिवशी लागला तो शेजारच्या वाडीतल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून. "आम्ही दोघं बरी आहोत. छप्पर गेलं. तू येऊ नकोस, रस्ते बंद आहेत," एवढंच आई म्हणाली. तेव्हा तर लॉकडाऊनही होता. मी पोचले त्याला बरेच दिवस लागले. माजघरात उभी राहिले तर वर आभाळ दिसत होतं. माडाचं झाड ओटीवर आडवं, वासे मोडलेले, आणि सगळीकडे कौलांचा चुरा.

ताडपत्री आणि पत्रे टाकून तो पावसाळा काढला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा ते पत्रे रात्रभर थडथडत होते. त्यानंतर अण्णांनी जाहीर केलं, "आता स्लॅब."

मी म्हटलं, "अण्णा, स्लॅब? आपल्या घराला? उन्हाळ्यात भट्टी होईल. शिवाय आपलं कोकणातलं घर..."

आई भांडी विसळत होती, तिथूनच म्हणाली, "तू मे महिन्यात चार दिवस येतेस, तुला कौलं छान दिसतात. जून लागायच्या आधी शाकारणीला माणूस मिळत नाही. माकडं वर्षभर नाचतात. गळायला लागलं की रात्री उठून पातेली मी मांडते."

मी ऐकणाऱ्यातली नव्हतेच. आमच्या नात्यातल्या एकांच्या बंगल्याचं उदाहरण दिलं. स्लॅब टाकला तेव्हा खाडीची वाळू वापरली होती. वीस वर्षांत आतल्या सळ्या गंजून फुगल्या आणि छताचे पोपडे खाली पडायला लागले. आता ते त्या खोलीत पलंगसुद्धा ठेवत नाहीत. "स्लॅब म्हणजे कायमचं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या आईला मी कॉटखाली ढकललं. मला आत शिरता येईना, गुडघे वाकत नाहीत. मी देवघराच्या कोनाड्याला पाठ लावून बसलो. डोक्यावर पाट धरला होता. कौलं पडत होती ना, एकेक दोन-अडीच किलोचं. दोन तास. आता माझं वय शहात्तर. मला एक खोली अशी हवी की पुन्हा तसं झालं तर तिथे जाऊन बसता येईल."

हे त्यांनी वर्षभर मला सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

त्यानंतर मी पाच मैलांचा विषय काढला नाही. पण वादात जिंकणं-हरणं संपलं आणि मग खरा विचार सुरू झाला, असं आता वाटतं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, मी ज्याला 'आपलं पारंपरिक' म्हणत होते ते मंगलोरी कौल मुळात आपलं नव्हतंच. बासेल मिशनच्या जर्मन माणसाने, प्लेब्स्ट त्याचं नाव, १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या पडलेल्या कौलांच्या पाठीवरही इंग्रजी अक्षरांत मंगळूरचं नाव होतं. त्याआधी आमच्याकडे नळ्यांचं छप्पर होतं, आणि त्याही आधी गवताचं. म्हणजे आजोबांनी त्यांच्या काळात परवडेल ते नवीन आणि मजबूत सामान आणलं होतं. मंगलोरी कौल हा त्यांचा स्लॅबच म्हणायचा!

दुसरी गोष्ट इंजिनिअरने दाखवली. कौल नुसतं स्वतःच्या वजनावर रिपेवर टेकलेलं असतं. वारा आत शिरला की खालून उचलतो आणि वरून ओढतो. म्हणून कौलाच्या पाठीला तारेसाठी एक भोक असतं. कडेच्या ओळी तरी तारेने बांधाव्यात अशी अपेक्षा. आमच्याकडे इतक्या वर्षांत कुणी एक तार घातली नव्हती. आम्ही सगळे दोष कौलाला देत होतो.

मग ठरलं ते असं. भिंती जांभ्याच्याच. खाण जवळ, आणि तो दगड बांधणारे गवंडी अजून गावात आहेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. चिरा घेताना मिस्त्रींनी मला शिकवलं: हातोडीने ठोकून बघायचा, खणखणीत वाजला पाहिजे. पांढरट-पिवळ्या मातीचे खिसे असतील तो बाजूला. जांभा पाणी पितो, त्यामुळे पावसाचा मारा येतो त्या बाजूला वळचण जवळजवळ तीन फूट बाहेर काढली. पूर्वी त्याच बाजूला झावळ्यांची झापं लावत, ते आठवलं. बाहेरून गिलावा केला नाही, फक्त दर्जा भरून घेतल्या.

जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि भिंतीच्या माथ्यावर मात्र सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या घराभोवती फिरवला. जुन्या ट्रंकेला लोखंडी पट्टी असते ना, तसा. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या माजघराच्या कोपऱ्यात उभी भेग पडली होती. आजी ती भेग आम्हाला दाखवायची. या वेळी ती आठवण उपयोगी पडली.

आणि छप्पर? माजघर आणि मागची झोपायची खोली स्लॅबखाली. वाळू खाडीची नाही, हे अण्णांनी ट्रकवर चढून मूठभर तोंडात टाकून तपासलं! (मिस्त्री बघतच राहिले.) सळीभोवती काँक्रीट पुरेसं जाड राहील याकडे इंजिनिअरने लक्ष दिलं, कारण खारा वारा आधी सळीच खातो. स्लॅब ओतल्यावर सात दिवसांनी मिस्त्री म्हणाले, आता पुरे. इंजिनिअरने चौदा सांगितले होते, सिमेंट राख मिसळलेलं, ते सावकाश पकडतं म्हणून. अण्णांनी वर मातीची आळी करून घेतली आणि पूर्ण चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ खाली उभं राहून पाणी भरून घेतलं.

ओटी आणि पडवी मात्र कौलांची. खाली लाकडाऐवजी लोखंडी पाइप, म्हणजे वाळवीची चिंता नाही, पण रंग वरचेवर द्यावा लागणार. चांगली राहिलेली जुनी कौलं आईने एकेक धुऊन रचून ठेवली होती, त्यातून पडवी पूर्ण झाली. या वेळी प्रत्येक कौल तारेने बांधलंय. मधल्या छपरात दोन काचेची कौलं आहेत, त्यातून दुपारी ओटीवर ऊन पडतं. तो माझा हट्ट.

शेणाची जमीन? "सारवायला तू येणार का?" आईने विचारलं. शहाबादी फरशी बसली.

तेव्हापासून काही पावसाळे झाले. स्लॅबखालची खोली उन्हाळ्यात तापते, हे खरं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोघंही ओटीवर कौलाखाली झोपतात. पण पावसाळ्यात रात्री वारा सुटला की अण्णा न बोलता उशी घेऊन मागच्या खोलीत जातात. आईने पातेली मांडणं बंद केलंय.

मैत्रिणीला मी एवढंच कळवलं की, सामान निवडण्याआधी एक प्रश्न विचार. जुलै महिन्यात, मध्यरात्री, लाइट गेलेले असताना त्या घरात कोण असणार आहे? तू असशील तर तुला आवडेल ते घे. दुसरं कुणी असेल तर आधी त्यांना विचार. आणि ते लगेच खरं सांगतीलच असं नाही, तेव्हा जरा थांबून पुन्हा विचार.

मला ते विचारायला वर्ष लागलं. असो.