लागतं का हो हे?

हिंगोलीत अंगावर चट्टा उठला की निदान आधी शेजारीच करतात. ‘नायटा आहे, मलम लाव!’ माझ्या मामाच्या कमरेवर, मांडीवर असे चट्टे होते. मेडिकलमधल्या ट्यूबनं खाज थांबायची, चट्टे परत यायचे. अशी चार वर्षं गेली. शेवटी नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी केली. रिपोर्ट आला : मायकोसिस फंगॉइडिस.

नाव बुरशीचं वाटतं ना? पण बुरशीचा काहीच संबंध नाही. १८०६ मध्ये अलिबर या फ्रेंच डॉक्टरांनी हा आजार नोंदवला. गाठी अळंबीसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. खरं तर हा त्वचेतला लिम्फोमा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींचा कॅन्सर.

घरात मात्र टेन्शन वेगळंच. कुणीतरी म्हणालं, ‘हा व्हायरसनं होतो.’ झालं! मामाचा टॉवेल वेगळा, ताट वेगळं. फोनवर मामानं हळूच विचारलं, ‘‘माय, नातवाला मांडीवर घेऊ का नको?’’

बातमीदारीची सवय कामी आली. मी वाचत सुटले. ऐकीव गोष्टीला थोडा आधार होता. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या लॅबमध्ये, त्वचेच्या लिम्फोमाचं निदान झालेल्या एका पेशंटच्या पेशींत एचटीएलव्ही-१ सापडला. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस. नैऋत्य जपानात तो बऱ्याच जणांत आढळतो. त्यानं होणाऱ्या लिम्फोमातही त्वचेवर चट्टे, गाठी उठतात. पण तो पसरतो अंगावरच्या दुधातून, शरीरसंबंधातून, रक्तातून. आणि लागण झालेल्या शंभरातल्या जेमतेम पाचेक जणांनाच, तेही कित्येक वर्षांनी, कॅन्सर होतो.

मामाच्या आजारातही हा व्हायरस खूप शोधला गेला, ठोस पुरावा मिळालेला नाही. हा आजार स्पर्शानं, टॉवेलनं, ताटानं लागत नाही. हे सगळं मी फोन स्पीकरवर ठेवायला लावून मामीलाही ऐकवलं. पलीकडून नातवाचं खिदळणं ऐकू आलं आणि मामा म्हणाला, ‘‘ठेव आता, पोरगं चढलंय अंगावर.’’

मामाचा आजार पहिल्या टप्प्यातला आहे. अतिनील किरणांची लाइट थेरपी सुरू आहे. या टप्प्यावरचे बहुतेक पेशंट वर्षानुवर्षं नीट जगतात.

तेव्हा मित्रांनो, कपड्याखालचा एखादा चट्टा मलमाला महिनोन्‌महिने दाद देत नसेल, तर ट्यूब बदलू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि गावाकडे कुणाचं ताट वेगळं झालं असेल, तर आजच एक फोन करा.