दोष ठेच्याचा कमी, घड्याळाचा जास्त

किनवट भागात छातीत जळजळ सुरू झाली की पहिला आळ येतो ठेच्यावर. मग ताटातून तिखट जातं, वरण फिकं होतं, जेवणाची चव जाते, आणि तरीही रात्री घशाशी आंबट यायचं ते येतंच. ही जळजळ मला नेहमीची आहे, म्हणून ठामपणे सांगतो: काय खाल्लं यापेक्षा किती आणि केव्हा खाल्लं, हे आधी बघावं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली किंवा पोटावर दाब आला की आम्ल वर चढतं. तडस लागेपर्यंत जेवणं, जेवल्याबरोबर आडवं होणं, पोटाचा वाढलेला घेर, तंबाखू, दारू या सगळ्यांनी तेच होतं. त्यात तेलकट अन्न जठरातून उशिरा पुढे सरकतं. म्हणजे रात्री दहाला भाकरीवर ओतलेली लालभडक तर्री मिरचीपेक्षा तेलामुळे जास्त छळते. एकादशीला पित्त खवळतं तेही असंच: दिवसभर रिकामं पोट, चहावर चहा, आणि मग तुपातली साबुदाण्याची खिचडी वर शेंगदाण्याचा कूट. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली हेच सांगितलं होतं की पदार्थ सरसकट बंद करायला लावू नका. वजन जास्त असेल तर उतरवा, झोपण्याआधीचे दोन-तीन तास काही खाऊ नका, उशाकडची बाजू उंच करा. २०२२च्या सूचनांत ज्याला जे बाधतं ते त्याने टाळावं, एवढी भर पडली. तेव्हा ठेच्याने खरंच जळजळत असेल त्याने तो जरूर सोडावा. घरादाराने सोडायचं कारण नाही. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी हे आपलं जेवण वाईट नाही.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याला वेळेवर जेवण कुठून जमणार? कृषिपंपाची लाइट रात्रीची असली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. हे खरं आहे. पण मोठं जेवण दिवेलागणीला उरकून, परत आल्यावर भूक असलीच तर अर्धी भाकरी खाणं त्यालाही जमतं. बाजेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की पंधरा सेंटीमीटर उंची मिळते. नुसत्या जास्तीच्या उशांनी मान आणि पोट दुमडतं, त्याचा उपयोग नाही. दुसरा आक्षेप गोळीचा: ती घेतली की पथ्य कशाला? पँटोप्राझोल आम्ल कमी करते, पण सैल झडप तिने घट्ट होत नाही. शिवाय ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जळजळ उठल्यावर नव्हे. कापूस वेचून कंबर धरली म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर आधी त्या गोळीकडे पाहावं. तिने जठरात व्रण पडू शकतो आणि तो पथ्याने भरत नाही.

घास गिळताना अडकत असेल, शौचाला काळं होत असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर पथ्यावर दिवस घालवू नका, गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात उतरून घाम फुटला, तर तिला पित्त समजून सोडा पीत बसू नका, त्याच क्षणी निघा.