आवड विचारण्याची रीत

‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न आपण येता-जाता कुणालाही विचारतो. ज्याच्या तोंडी अजून शब्दच आलेले नाहीत, त्याला तो कसा विचारायचा?

माझी भाची स्पीच थेरपी शिकते. सध्या याच प्रश्नावरचा तिचा धडा लॅपटॉपवर चालतो. व्हिडिओत एक मूल, समोर टेबलावर सात वस्तू : भोवरा, मोटार, खुळखुळा, असंच काहीबाही. मूल एक उचलतं, अर्धा मिनिट खेळतं. ती वस्तू परत मांडायची नाही. उरलेल्यांतली डाव्या टोकाची उजव्या टोकाला न्यायची; कारण काही मुलं आवडीचं नव्हे, हाताजवळचं उचलतात. इथे व्हिडिओ थांबतो आणि विचारतो, ‘आता काय कराल?’ चुकलं तर कारण सांगतो, न कंटाळता, हवं तितक्यांदा. खऱ्या मुलावर हात बसवण्यापेक्षा हे बरं.

वस्तू संपेपर्यंत हेच, की एक डाव झाला; असे पाच डाव. हिशोब सोपा : वस्तू किती वेळा समोर होती, त्यातून किती वेळा उचलली. दरवेळी पहिला उचललेला भोवरा शंभर टक्के, दरवेळी दुसरी उचललेली मोटार पन्नास. १९९६ साली डिलियन आणि इवाटा या संशोधकांनी मांडलेली ही रीत. मुलाला भोवरा प्रिय आहे हे कळलं, की तो हातात धरून थेरपिस्ट थांबते. मागण्याची ओढ असेल तर खूण येते, आवाज येतो, कधी शब्दही.

मला यातला संयम मोलाचा वाटतो. वस्तू मांडताना नजरसुद्धा एकीवर रेंगाळू द्यायची नाही. आपलं प्रेम मात्र भारी उतावीळ. ‘त्याला ना, चेंडूच आवडतो,’ असं आपण मुलाच्या वतीनं सांगून मोकळे होतो. सांभाळणाऱ्यांचा असा अंदाज आणि मुलाची प्रत्यक्ष निवड यांचा मेळ बसेलच असं नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

आणि मुलानं काहीच उचललं नाही तर? भाचीनं पहिल्यांदा उत्तर दिलं, ‘पुन्हा आग्रह करीन.’ चूक. अर्धा मिनिट वाट पाहायची, तशी नोंद करायची आणि तो डाव तिथेच संपवायचा. तिच्या फॉर्मवर नकारालाही रकाना आहे. ‘अजून एकच घास’ म्हणत वाढवलेल्या आपल्या पिढ्यांना हा रकाना भरायला शिकवणं, हेच त्या लॅपटॉपवरच्या धड्याचं सगळ्यात अवघड काम असणार.