मूळ प्रत

बिघडलेली वस्तू पुन्हा नीट करण्याला मराठीत दोन शब्द आहेत. 'दुरुस्ती' हा फारसीतून आलेला. त्यात वस्तू ठीक व्हावी, चालती व्हावी, एवढीच अपेक्षा असते. 'जीर्णोद्धार' हा संस्कृत. तो देवळांचा होतो, त्याला देणगीदार लागतात आणि शेवटी त्यांच्या नावांची एक फरशी भिंतीत बसते. वलगावात आमच्या शेजारच्या अंगणात गेले वर्षभर एका मोटरसायकलवर काम चालू आहे. तिच्या बाबतीत या दोहोंपैकी कोणता शब्द योजावा, याचा निर्णय आम्हां दोघां मराठीच्या प्राध्यापकांना अजून करता आलेला नाही.

गाडी राजदूत आहे, १९७९ सालची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ही गाडी बांधायला घेतली. १७३ सीसीचे, एका सिलिंडरचे, दोन स्ट्रोकचे इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारे. शहरी वाचकाला 'बॉबी' (१९७३) चित्रपटातली ऋषी कपूरची बुटकी राजदूत आठवेल. खेड्यातली थोरली राजदूत वेगळी. तिला दुधाच्या कॅना लटकत, तिच्यावरून सरकी-ढेपेची पोती येत, आणि नवराबायको दोन लेकरांसह यात्रेला जात. अमेरिकेत म्हणे सोळा-सतरा वर्षांची मुले साठच्या दशकातल्या मस्टँग आणि पाँटियाक मोटारी घरच्या गॅरेजमध्ये उघडून बसतात. आपल्याकडे आजोबांनी मागे ठेवलेली मोटार नसते. असलीच तर गोठ्यात, कुटाराच्या पोत्यांआड, राजदूत असते.

शेजारचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीतला. भंगारवाल्याने गाडीचे चार हजार रुपये सांगितले तेव्हा वडिलांनी होकारही दिला होता. "हिच्यावर पैसा टाकनं म्हंजे विहिरीत टाकनं हाय," हे त्यांचे मत. मुलाने मुदत मागून घेतली. लग्नसराईत मंडपवाल्याकडे खुर्च्या लावून, सुट्यांत पिठाच्या चक्कीवर बसून त्याने पैसे जमवले आणि शंभर पानी वहीत अंदाजपत्रक मांडले: एकूण पंधरा हजार. त्या वहीइतके काटेकोर गद्य आमच्या वाचनात अलीकडे आले नाही. पिस्टन जाम होता. सिलिंडर अमरावतीला नेऊन बोअर करून आणला. टाकीच्या आत गंज होता. तीत रॉकेल आणि मूठभर बारीक गिट्टी घालून दोन संध्याकाळी ती हलवत बसला. सायलेन्सर काजळीने बुजला होता, तो तापवून झटकला. पॉइंट घासून साफ केले, वायरिंग सगळे नवे टाकले. टायरांपाशी मात्र अंदाजपत्रक कोलमडले, तेव्हा मागचा टायर जुनाच ठेवला. कार्ब्युरेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसवला आहे. पुढच्या मडगार्डला पत्र्याचे ठिगळ आहे. अर्थात, ज्या गावाजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्या गावात ठिगळाची लाज वाटण्याचे कारण नाही.

आम्ही त्याला विचारले, की मूळचा कार्ब्युरेटर मिळेपर्यंत थांबला का नाहीस? तो म्हणाला, "सर, मूळची पाह्यजे असं नाही. चालली पाह्यजे."

हौशी संग्राहकांना हे उत्तर पटणार नाही. त्यांच्या लेखी गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे, स्क्रूसुद्धा त्या काळचा. सरकारही त्यांच्याच बाजूचे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम काढले. वाहन पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ रूपात हवे, आणि रोजच्या वापरात नको. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, म्हणजे या मुलाच्या सबंध अंदाजपत्रकाहून अधिक. त्याची गाडी अजून पन्नाशीची नाही आणि मूळ रूपात तर कधीच बसणार नाही. तेव्हा तिला चारचौघींसारखेच तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ते शुल्क २०२५ मध्ये दोन हजार रुपये झाले. शिवाय मुलगा स्वतः अजून अज्ञान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गाडी सुरू होते, पण अंगणाबाहेर जात नाही.

'मूळ' या शब्दाशी आमचा धंद्याने संबंध आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्या शिष्याला जे स्मरत होते त्यावरून ती पुन्हा बांधली गेली. म्हणूनच आज एकाच लीळेच्या पोटात अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, अशा नोंदी आढळतात. वर्गात आम्ही हेच सांगतो, की मूळ प्रत नाही म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही. पाठभेद मात्र लपवायचे नसतात.

या गाडीचेही पाठ आहेत. एक कंपनीचा, एक सरकारी कागदाचा, एक मुलाचा. चौथा पाठ आम्हांला गेल्या दिवाळीत कळला. मुलाने टाकीवर रेडियमच्या अक्षरांत 'आबाजींची कृपा' असे लिहायचे ठरवले होते आणि तो आजीला अक्षरांचा रंग विचारत होता. आजी त्याच्याशी बोललीच नाही. कुंपणापाशी उभ्या असलेल्या आमच्याकडे वळून म्हणाली, "बाई, थे गाडी नोहे. माया बापाचं दोन एकर वावर आहे."

लग्नात जावयाने गाडी मागितली होती. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होता, आणि १९७९ साली राजदूत मागितलीही जात होती. वडिलांनी वावर विकले. त्या गाडीवर मागे बसून ती सासरी आली, आणि पुढे माहेरी जाताना रस्त्यावरून दिसणारे ते वावर दुसऱ्याच्या नावावर पिकताना पाहत गेली. घरात हे कुणी बोलले नव्हते. मुलाने पहिल्यांदाच ऐकले.

जीर्णोद्धार करणारा माणूस बहुधा अभिमानाने कामाला लागतो. वस्तू उघडत गेले की तिच्यात अभिमानास्पद नसलेलेही काही निघते, आणि तेही तितकेच मूळचे असते. रंगाचा एक हात मारून ते झाकता येते. संग्रहालयांतून आणि घराण्यांच्या इतिहासांतून हे सर्रास होते. सतरा वर्षांच्या मुलाने तसे केले असते तर त्याला कुणी दोष दिला नसता. त्याने आठवडाभर गाडीला हात लावला नाही. मग रेडियमची अक्षरे दुकानदाराला परत केली, आणि टाकी कोरी ठेवली.

आता प्रश्न कागदांचा आहे. गाडी अजून दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. मालकाच्या मृत्यूनंतर नावबदलासाठी नमुना ३१ भरावा लागतो आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. मुलाने अर्ज आणला. नवा मालक म्हणून वडिलांचे नाव जाईल असे सगळ्यांनी धरले होते. त्याने आजीचे लिहिले. वडिलांनी आक्षेप घेतला नाही. दोघी आत्यांनीही संमती दिली. आजीने मात्र कागद घेऊन देवघरातल्या फळीवर ठेवला आहे. तिची सही अजून झालेली नाही, आणि मुलाने ती पुन्हा मागितलेली नाही.