आधी काठी, मग लोखंड

जिममध्ये नव्यानं दाखल होणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी मी काठी देते. साधी लाकडी काठी, पाच फुटांची, झाडूच्या दांड्याएवढी जाड. बहुतेकांचा चेहरा पडतो. महिन्याची फी भरून, नवे बूट घालून आलेला माणूस डंबेलच्या रांगेकडे बघत असतो आणि त्याच्या हातात येते काठी.

काठी पाठीमागून उभी धरायची. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. ती तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या फळ्यांमध्ये आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडून खाली वाका, पण तिन्हींपैकी एकही जागा सुटता कामा नये. करून बघा. ज्यांचा दिवस खुर्चीत किंवा मोटारसायकलवर जातो, त्यांची काठी वाकता वाकता माकडहाडावरून सुटतेच. पाठ गोल होते, मान पुढे येते आणि सगळा भार कमरेवर जातो. खुब्यातून वाकणं ही वेगळी गोष्ट आहे, हे शरीर विसरून गेलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी बँकेत नोकरीला असलेल्या एक काकू आल्या. वय चोपन्न, साडीवर येऊन आत पंजाबी ड्रेस बदलायच्या. त्यांची काठी काही केल्या टिकेना. ‘मागे जा, खुब्यातून जा’ असं मी सांगत राहिले, त्या गुडघेच वाकवत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, ‘काकू, दोन्ही हातांत पातेली आहेत आणि मागे फ्रिजचं दार उघडं राहिलंय. कसं लावाल?’ त्यांनी एक क्षणही विचार न करता बूड मागे ढकललं. काठी तिन्ही जागी चिकटलेली. ‘हेच,’ मी म्हटलं. ‘हेच करायचंय, उद्यापासून हातात वजन घेऊन.’ आयुष्यभर स्वयंपाकघरात करत आलेली हालचाल त्यांना त्या दिवशी नव्यानं सापडली.

मी मूळची कोल्हापूरची आणि आता माझी जिमही तिथंच आहे. आजोबा तालमीतले. तालमीत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून तालमीबद्दल जे कळलं ते त्यांच्याकडून. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी जोडीला लावत नसत. आधी झाडलोट, मग फावड्यानं हौद्यातली माती उकरायची. ताक, तेल, हळद पडलेली ती लाल माती भारी असते. ती रोज पहाटे उकरून, ओढून, सारखी करायची. पोराला वाटायचं आपल्याला गड्यासारखं राबवून घेतायत. पण त्या उकरण्यातच त्याची पकड, पाठ आणि दम तयार व्हायचा, आणि रोज पहाटे उठण्याची सवय लागायची. डाव त्यानंतर. आजच्या जिममध्ये आरसे आले, यंत्रं आली, गाणी आली. माती उकरायचे ते दिवस मात्र गेले. नवा माणूस थेट कुस्तीला उभा राहतो आणि महिन्याभरात दिसेनासा होतो.

माझंही तसंच झालं होतं. 1998 साली, विशीत, मी घराजवळच्या एका व्यायामशाळेत गेले. तिथल्या शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी मला एकूण एक यंत्रावर बसवलं, वर शंभर बैठका. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, तिसऱ्या दिवशी भारतीय संडासात बसता येईना. ‘दुखतंय म्हणजे लागू पडलंय’ असं त्यानं सांगितलं होतं. मी पुढची दोन वर्षं तिकडे फिरकले नाही. पुढे फिजिओथेरपी शिकताना कळलं की ते वाक्यच चुकीचं होतं, आणि मला त्या गेलेल्या दोन वर्षांचं आजही वाईट वाटतं.

हे दुखणं म्हणजे स्नायूत साचलेलं लॅक्टिक ॲसिड, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत निघून जातं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. ते येतं स्नायूला झालेल्या बारीक इजेतून आणि तिच्या दुरुस्तीतून. विशेषतः वजन खाली सोडताना, बैठकीत खाली जाताना, जिना उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो तेव्हा. सवय नसलेल्या शरीराला हे जास्त जाणवतं, सवय झाली की कमी होतं. म्हणजे दुखणं हे नवखेपणाचं माप आहे, प्रगतीचं नाही. थोडं अवघडलेपण ठीक. पण त्याचं टोक मी पाहिलंय. एकोणीस वर्षांच्या एका मुलानं मित्रांशी पैज लावून पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. स्नायू इतके फुटले होते की त्यातलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडावर आलं होतं. सलाइनवर काही दिवस काढून तो सुखरूप घरी आला. असा रंग दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग पहिल्या महिन्यात हलकं करून मिळतं काय? पुष्कळ मिळतं, फक्त ते आरशात दिसत नाही. स्नायू म्हणजे असंख्य तंतूंची जुडी. सवय नसलेल्या माणसाचे मज्जातंतू त्यातल्या सगळ्या तंतूंना एकदम कामाला लावू शकत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन झपाट्यानं वाढतं ते मुख्यतः यामुळे, की मेंदू आणि मज्जातंतू हाका मारायला शिकतात: कुणाला, केव्हा, किती जणांना. दंडाचा घेर बदलायला साधारण दोन-तीन महिने लागतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश बळकट होतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात उत्साह वाढलेला असतो, जोरही वाढलेला असतो आणि कंडरा मागे असतात. खांदे आणि कोपरं तेव्हाच धरतात. शिकण्याचे हे दिवस वाकड्या पाठीनं काढले, तर मेंदू वाकडी पाठ शिकतो.

पहिल्या महिन्यात आम्ही पाचच हालचाली घेतो. बसून उठणं, खुब्यातून वाकणं, ढकलणं, ओढणं, आणि हातात वजन घेऊन ताठ चालणं. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. ‘आज चेस्ट, उद्या बायसेप्स’ अशी वाटणी नवख्याला कशाला हवी, हे मला कधीच पटलेलं नाही. पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम मागणारेही बरेच येतात. पोटाच्या व्यायामानं पोटाचे स्नायू बळकट होतात. तिथलीच चरबी निवडून काढण्याची सोय शरीरात नाही. ब्लडप्रेशर असेल तर श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, जोर लावताना सोडायचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी यायचं नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

वजन वाढवायचं कसं, यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकी लष्करातले डॉक्टर जखमी सैनिकांचे वाळलेले पाय वजनं देऊन भरून आणत होते. त्यांची पुढे रूढ झालेली पद्धत अशी: जेमतेम 10 वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊण वजनानं, फक्त तिसरा पूर्ण. आजारी माणसाच्या खाटेजवळ तयार झालेली ही शिस्त नवख्याला आजही चपखल बसते.

अडचण येते ती पायऱ्यांची. बहुतेक जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोंनी वाढतात. 20 वरून 22.5 ही छोटी पायरी आहे. पण 5 वरून 7.5 म्हणजे थेट दीडपट, आणि अडीचवरून 5 म्हणजे दुप्पट! हलक्या वजनानं सुरुवात करणाऱ्या बाईला नेमकी सगळ्यात उंच पायरी चढावी लागते. ती अडते, आणि मग तिला सांगितलं जातं, ‘तुमच्यात ताकदच कमी.’ याचा मला खरोखर राग येतो. तेच वजन ठेवून 8 वरून 12 आवर्तनांपर्यंत जायचं आणि मग पुढची पायरी घ्यायची, हा एक मार्ग. दुसरा मी स्वतः काढला. उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून अर्ध्या अर्ध्या किलोच्या लोखंडी चकत्या कातून आणल्या. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक घातली की एक किलो वाढतो. माझ्या जिममधलं सगळ्यात जास्त वापरलेलं सामान तेच आहे. त्यांचा रंग उडून कडा गुळगुळीत झाल्यात.

खाण्याबद्दल थोडक्यात. पावडर घेऊ का, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दिवसाला, किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त. आपल्याकडे चहा-चपाती, मग भात-आमटी असा दिवस गेला की तेवढीसुद्धा होत नाहीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. पिठलं, उसळ, दही, अंडी, मासे, मटण यांचा हिशेब आधी लावा. डबा घ्यायचाच असेल तर त्यानंतर.

बँकेतल्या काकूंकडे परत येते. काठीनंतर रिकामा रॉड. जिमचा मोठा रॉड स्वतःच 20 किलोंचा असतो, ते नवख्याच्या लक्षात येत नाही, म्हणून आम्ही आधी 15 किलोंचा घेतला. मधे गौरी-गणपतीत दहा दिवस खाडा, मुलीच्या बाळंतपणात महिनाभर. प्रत्येक वेळी परत आल्यावर दोन पावलं मागं जाऊन सुरुवात. चौथ्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, भरलेला सिलिंडर केवढा असतो हो?’ आत गॅस 14.2 किलो, टाकीचं वजन साधारण तेवढंच. मिळून तीस किलोंच्या आसपास. त्या आठवड्यात त्या 32 किलो पाच वेळा उचलत होत्या. इतकी वर्षं सिलिंडर आला की शेजारच्या मुलाला हाक मारायची, नाहीतर तिरका करून लादीवरून गोल गोल फिरवत न्यायचा.

आमच्याकडे प्रत्येकाची वही असते. मोबाइलवर नाही, कागदाचीच. काकूंच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे: ‘काठी. 8 वेळा. सुटली 6 वेळा.’ दुसऱ्या दिवशी: ‘सुटली 4.’ पुढची पानं त्यांनी स्वतः, बँकेतल्या माणसाच्या नीटस आकड्यांत भरलीत, आणि चौथ्या महिन्यातल्या एका सोमवारी, वजनाच्या रकान्यात किलोंऐवजी एकच शब्द लिहिलाय: ‘सिलिंडर.’