एकच सूर कशाला?

नालासोपाऱ्यापासून अर्नाळ्यापर्यंत कुठल्याही मांडवात जा, माझ्यापुढच्या वाद्याला लोक कॅसिओच म्हणतात. त्याच्या पाठीवर यामाहाचं नाव ठळक अक्षरांत आहे आणि ती पाठ प्रेक्षकांकडेच असते, तरी निवेदक दरवेळी माइकवरून सांगतो, "आणि कॅसिओवर साथ करतायत आपले लाडके..." पूर्वी मी दुरुस्ती करायचो. आता मान लववतो आणि गायिकेला विचारतो, "काळी चार ना?"

हा कॅसिओ म्हणजे टायरॉस 2. बाजारात आला 2005 साली. माझ्या घरी आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, लग्नाची कामं सोडणाऱ्या एका वादकाकडून. विरार लोकलच्या लगेज डब्यात, माशांच्या पाट्यांच्या शेजारी उभा करून आणला. जातीनं तो अरेंजर. डाव्या हातानं कॉर्ड धरा, बाकी ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिनचा ताफा तो स्वतः उभा करतो. पोट भरण्यासाठी याच्यासारखं वाद्य नाही. पाच माणसांचं मानधन एका स्टँडवर मावतं. हे वाक्य अभिमानानं लिहिलेलं नाही. ज्या पाच जणांच्या जागी तो उभा राहिला, त्यांतल्या दोघांबरोबर मी पूर्वी वाजवत होतो.

पण त्याचा जन्म युरोपातल्या घरांसाठी आणि हॉटेलांसाठी. पोल्का मागा, हजर. वॉल्ट्झ, बोसा नोव्हा, हवे तेवढे. लावणीची ढोलकी मात्र नाही. तबल्याचे ठोके सापडतात, पण मनगट दाबून काढलेला घिस्सा नाही. मुंबईतल्या ईस्ट इंडियन लग्नांत उंबराचं पाणी आणताना घुमट वाजतं, त्या मातीच्या मडक्याचा आवाज नाही. आणि आमच्या पालघर जिल्ह्याचं म्हणावं असं जे वाद्य, तो तारपा तर नाहीच. जपानात बसून तारपा कुणाला आठवणार? आठवायची जबाबदारी आपली, आणि त्यासाठी लागणारी जागा त्या यंत्रात ठेवलेली होती. रिकामी.

जागा म्हणजे दोन खाचा. टायरॉस 2 मध्ये बाहेरून रॅम बसवता येते, 512 एमबीच्या दोन पट्ट्या, एकूण 1 जीबी. पट्ट्या जोडीनंच बसवायच्या आणि दोन्ही सारख्या. घोडं अडलं ते तिथेच. या 168 पिनांच्या जुन्या एसडीरॅम पट्ट्या पेन्टियम 3 च्या काळातल्या. ते संगणक भंगारात गेले आणि पट्ट्याही त्यांच्याबरोबर गेल्या. लॅमिंग्टन रोडला एक अख्खा दिवस फिरलो. तरुण दुकानदारांनी पट्टीचं चित्र पाहून मलाच विचारलं की हे काय आहे. शेवटी एका गाळ्यात वयस्क गृहस्थांनी बिस्किटाचा डबा उघडला आणि त्यातून दोन पट्ट्या काढल्या. "काका, चालतील याची खात्री नाही," म्हणाले. खात्री नव्हतीच. घरी आल्यावर एक चालली, एक नाही, म्हणजे दोन्ही नाहीत. जोडी जमायला आणखी दोन चकरा पडल्या.

बसवण्याचं काम त्यामानानं सोपं, पण घाई करणाऱ्याचं नव्हे. वायर काढायची. पलंगावर दोन उशा ठेवून वाद्य पालथं घालायचं, म्हणजे वरच्या कळा आणि पिच बेंडचं चाक दबत नाहीत. कुठल्या भोकातला स्क्रू कुठला, हे कागदावर लिहून ठेवायचं. पट्टीला हात लावण्याआधी धातूला स्पर्श करून अंगातली वीज उतरवायची. वसईच्या जुलैत अंगात घाम सोडून काही साठत नाही हे खरं, पण सवय मोडू नये. आपल्याकडे खरा शत्रू खारा वारा. पट्टीच्या सोनेरी दातांवर तो पुटासारखा बसतो. शाळेतल्या साध्या खोडरबरानं दात हलकेच पुसायचे, चुरा फुंकायचा नाही (फुंकरीत थुंकी असते), ब्रशनं झटकायचा. मग पट्टी खाचेत सरळ दाबायची. दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप मिटल्या की बसली. पडद्यावर मेमरीचा आकडा उमटला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, झालं?" मी म्हटलं, झालं. खरं तर तेव्हा कुठे सुरुवात झाली होती.

कारण 1 जीबी म्हणजे किती, हा प्रश्न तोवर मी स्वतःला विचारलाच नव्हता. हिशेब साधा आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजला जातो. दर मोजणीला 2 बाइट, आणि डावा-उजवा मिळून दुप्पट. एका सेकंदाला 1,76,400 बाइट, मिनिटाला साधारण 10 एमबी. म्हणजे माझ्या 1 जीबीत जेमतेम 100 मिनिटांचा आवाज. ज्या फ्लॉपीवर आम्ही एकेकाळी रात्रभराच्या कार्यक्रमाच्या मिडी फाइली नेत होतो, तिच्यात असा आवाज आठ सेकंद मावला असता. मिडी फाइलीत आवाज नसतोच. वाद्याची कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच नोंद. पत्रिकेत माणूस असतो तेवढाच तिच्यात सूर.

100 मिनिटं हाती आली की माणूस हावरट होतो. मीही झालो. मित्राकडून एक मोठा व्हायोलिनताफा आणला, चर्चमधला पाइप ऑर्गन आणला, कसलेसे तिबेटी घंटानाद आणले. तीन आठवड्यांत मेमरी निम्मी भरली आणि कार्यक्रमात त्यातलं काही वाजलं नाही. नव्यानं रॅम टाकणाऱ्या प्रत्येकाला हा ताप येतो. येऊन जाऊ द्यावा.

मग तारप्याकडे वळलो. सुकवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांत नर्तकांच्या वेटोळ्याच्या मध्यभागी हाच उभा असतो. जव्हारकडच्या एका पाड्यावर ओळखीनं एक म्हातारबाबा भेटले. गाल फुगवून, श्वास तुटू न देता ते वाजवत राहिले आणि त्यांच्यामागे दोन पोरींची पावलं आपोआप हलायला लागली. रेकॉर्डर लावला. सॅम्पलिंगची, म्हणजे खरा आवाज टिपून वाद्यात भरण्याची, रीत अशी की एकेक सूर सुटा घ्यायचा, हळू एकदा, जोरात एकदा. वीस सूर, दोन जोर, प्रत्येकी तीन सेकंद धरले तर दोन मिनिटं, म्हणजे फक्त 21 एमबी. कागदावर सगळं मांडून नेलं होतं. तारप्यात वीस सूर नाहीतच, हे तिथे कळलं. म्हटलं, असतील तेवढे घेऊ. बाबांना म्हणालो, "बाबा, एकच सूर धरा आणि थांबा."

त्यांनी तारपा खाली घेतला आणि विचारलं, "एकच सूर कशाला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तारपा सुटा वाजत नाही. एक सूर दुसऱ्याच्या कुशीतून निघतो आणि खाली एक गुंजन चालूच असतं. त्यांनी माझ्या समाधानासाठी प्रयत्न केला. निघाला तो सूर मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा अवघडलेला होता. शेवटी मी वही मिटली आणि त्यांना हवं तसं वाजवू दिलं.

घरी आल्यावर संगणकावर कातरकाम केलं. एक तुकडा गोल फिरेल असा जोडला, पट्ट्यांवर पसरला. मूळ जागी छान. वर चार पट्ट्या गेलो की तारप्याचं चिलट होतं, खाली गेलो की म्हैस. त्याचे सूर आपल्या 440 च्या मापात बसत नाहीत. मशिनमध्ये प्रत्येक स्वर थोडा वर-खाली सरकवायची सोय आहे, तिनं ते जवळपास आणले. पण डाव्या हातानं सी मेजर धरला की सगळं कृत्रिम वाटे. दोन महिने झगडल्यावर एका रात्री सूर कापायचंच सोडून दिलं. तारप्याच्या चालीचे आठ-आठ, दहा-दहा सेकंदांचे अख्खे तुकडे घेतले, बाबांच्या श्वासासकट, मागच्या पोरींच्या पावलांसकट, आणि एकेका पट्टीला एकेक तुकडा बांधला. कॉर्ड नाही, बेस नाही. पट्टी दाबली की पाडा वाजतो. सॅम्पलिंगच्या शास्त्रात याला कुणी कौतुकानं पाहणार नाही. माझ्या सगळ्या साठ्यात खरा वाटणारा आवाज तेवढाच आहे.

या रॅमचा एक स्वभाव मात्र पक्का लक्षात ठेवावा. वीज गेली की ती सगळं विसरते. वाद्य पुन्हा चालू झालं की हार्डडिस्कवरून तो साठा परत भरावा लागतो, आणि साठा मोठा तितकी वाट मोठी. माझ्याकडे चार मिनिटं. घरी चार मिनिटं म्हणजे चहा. एका हळदीत, नवरदेव मांडवात शिरत असताना, जनरेटर बदलताना वीज पापणी लवेल इतकीच गेली. दिवे लगेच परतले. माझ्या पडद्यावर साठा भरत असल्याची पट्टी सावकाश सरकत होती. गायक माझ्याकडे बघतोय, मी पट्टीकडे. ढोलकीवाले दादा मात्र कुणाकडे न बघता सुरू झाले. चार मिनिटं त्यांनी एकट्यानं मांडव नाचवला, आणि माझा साठा भरून आला तेव्हा कुणाला त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी छोटा यूपीएस घेतला. तो आता स्टँडखाली असतो.

नव्या यंत्रांना हा त्रास नाही. 2010 च्या टायरॉस 4 पासून यामाहानं फ्लॅश मेमरी दिली, ती वीज गेल्यावरही राहते. 2019 च्या पीएसआर-एसएक्स 900 मध्ये 1 जीबी जागा कारखान्यातूनच येते, झाकण उघडावं लागत नाही. पोरं त्यात शेकडो आवाज भरतात आणि चालू केलं की लगेच वाजवतात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण दर कार्यक्रमाआधीच्या त्या चार मिनिटांत माझी यादी आपोआप छाटली गेली. व्हायोलिनताफा गेला, तिबेट गेलं. उरलं ढोलकी, घुमट, तारपा आणि बायकोच्या आवडीची एक बासरी. साठा आता 200 एमबीच्या आसपास आहे. उरलेले 800 रिकामे.

जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या, तेव्हा घरातली पहिली वस्तू पोटमाळ्यावर गेली ती हा कॅसिओ. दुसरी गेली ती ज्या डिस्कवर जव्हारचं मूळ रेकॉर्डिंग आहे ती. टीव्ही राहिला खालीच.

आता एक विनंती. माझ्या जोडीतली एक पट्टी अलीकडे कुरकुरते आहे. खोडरबरानं दोनदा पुसून झाली. तुमच्या माळ्यावर पेन्टियम 3 च्या काळातला एखादा संगणक पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचं झाकण उघडून बघा. 168 पिना, खालच्या कडेला दोन खाचा, 512 एमबी. एक मिळाली तरी कळवा. जोडीची दुसरी मी शोधतो.